मुंबईचे कवच का निखळले?

सोमवार, दि. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास, म्हणजे कचेऱ्या आणि बाजारपेठा यांचा दिवस ज्या घटकेला खऱ्या अर्थाने सुरू होतो नेमक्या त्याच घटकेला, मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई येथील फार मोठ्या भागाचा वीजपुरवठा एकाएकी बंद पडला. करोनाच्या साथीमुळे उपनगरी गाड्यांतून प्रवासाची मुभा त्या काळी प्रायः अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांनाच होती. त्यामुळे दोन स्थानकांच्या मध्येच थांबलेल्या लोकलमधून खाली उतरून, रुळांमधल्या खडीवर जपून पावले टाकीत जे प्रवासी पुढच्या स्थानकाकडे चालू लागले, त्यांचीच त्या दिवशी शहराला सर्वांत अधिक निकड होती. मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या आणि इस्पितळांना जनरेटरांवर विसंबावे लागले. दुपारी गाड्या धावू लागल्या. पण सगळ्या वस्त्यांत वीज परतायला त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागला.

वाहिनी निकामी होणे हा काही गुन्हा नव्हे. कळवा–पडघे मार्गावरील 400 किलोव्होल्टच्या वाहिन्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद असता दुसरी कोलमडली, हे दुर्दैव म्हणता येईल. परंतु अशाच प्रसंगाची तजवीज म्हणून 1981 साली मुंबईसाठी एक स्वतंत्र व्यवस्था उभारण्यात आली होती, जिला वीजखात्यात ‘आयलँडिंग’ म्हणतात. बाहेरच्या जाळ्यात गडबड होताच शहराने क्षणार्धात स्वतःला विलग करावे, आणि ट्रॉम्बे व डहाणू येथील औष्णिक संच, तसेच 1915 पासून चालत आलेले खोपोलीचे जलविद्युत केंद्र व त्याची भिवपुरी आणि भिरा येथील भावंडे यांच्या बळावर निदान रेल्वे आणि इस्पितळे चालू ठेवावीत, असा तिचा हेतू. विजेची वारंवारता 50 हर्ट्झच्या आसपास राखावी लागते. विलग झालेल्या भागात मागणी निर्मितीहून अधिक झाली की ती झपाट्याने घसरते, आणि मागणी तत्काळ कमी केली नाही तर संच स्वतःच्या रक्षणार्थ एकामागून एक बंद पडतात. त्या सोमवारी बेटाच्या आत निर्मिती व मागणी यांचा हा मेळ राहिला नाही, आणि मुंबईचे कवच ऐन वेळी निखळले.

आमच्या मते खरी कसूर येथे आहे. बाहेरची वीज स्वस्त पडते म्हणून शहरातले संच मंद किंवा बंद ठेवण्याचा मोह होणे हिशेबाच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. तथापि आणीबाणीच्या क्षणी थंड पडलेला औष्णिक संच काही तासांखेरीज कामाला येत नाही, आणि वर्षानुवर्षे ज्या व्यवस्थेची कसोटी घेतली जात नाही ती दप्तरात कितीही सुबक दिसली तरी तिच्यावर नगराचा भरवसा ठेवता येत नाही. चौकशी झाली, अहवाल आले, 2023 मध्ये खारघर–विक्रोळी ही नवी वाहिनी सुरू झाल्याने मुंबईत वीज आणण्याचा आणखी एक मार्ग लाभला. परंतु बाहेरून येणाऱ्या वाटा वाढविणे हा एक बंदोबस्त, आणि बाहेरच्या वाटा तुटल्या असता आतल्या बळावर तग धरणे हा दुसरा. पहिल्यामुळे दुसऱ्याकडे हयगय करण्यास आधार मिळत नाही.

मुंबईचे दोन-चार तास अंधारात गेले की मंत्रालय हलते, आणि शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते म्हणून काळोखात, सापाविंचवाच्या भीतीत बांधावर उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याची तक्रार मात्र वर्षानुवर्षे पडून राहते, याचीही आम्हांस जाणीव आहे. त्या अन्यायाचे निवारण व्हावयासच हवे. आणि ज्या शहराच्या रक्षणासाठी इतकी साधने दिलेली आहेत, तेथे तरी ती वापरण्याजोगी ठेवली जातात हे पाहण्याची जबाबदारी त्यामुळे अधिकच वाढते. तेव्हा राज्य वीज नियामक आयोगास आमचे आग्रहाचे मागणे आहे, की या विलगीकरण व्यवस्थेची दर वर्षी पूर्वनियोजित चाचणी सक्तीची करावी, आणि तिचा निकाल, त्यातील उणिवांसह, नागरिकांपुढे जाहीर करावा.