सूत ज्याचे, जबाबदारी त्याची

बेळगावच्या वडगाव, खासबाग, शहापूर भागातल्या विणकरांचा प्रश्न निघाला की चर्चा विजेच्या बिलापाशी येऊन थांबते. 2023 मध्ये कर्नाटक सरकारने 10 अश्वशक्तीपर्यंतच्या यंत्रमागांना महिन्याला 250 युनिटपर्यंत मोफत वीज जाहीर केली. त्याआधी सवलतीचा दर होताच आणि विणकर सन्मान योजनेचे पैसेही होते. अशा सवलती नकोत असे कुणी म्हणणार नाही. पण सवलत शेवटी कुणाच्या पदरात पडते, हे मजुरी कोण ठरवतो त्यावर अवलंबून असते. वडगावातले बरेचसे काम मजुरीवर चालते. व्यापारी सूत आणि जरी देतो, रंग आणि नक्षी सांगतो, साडी तयार झाली की तपासून घेतो आणि नगामागे ठरलेले पैसे देतो. माग मात्र विणकराच्या घरात असतो, मीटर त्याच्या नावावर असतो, धोटा तुटला किंवा मोटार जळली तर खर्चही त्याचाच. कांड्या भरून देणाऱ्या बायकोची किंवा आईची मजुरी कुठल्याच हिशेबात धरलेली नसते. साडीत डाग पडला, तार सुटली, तर मजुरीतून कपात. लग्नसराई संपून मागणी थंडावली की सूत यायचे थांबते आणि त्या रिकाम्या दिवसांचे कुणी काही देणे लागत नाही. अशा व्यवहारात विजेचे बिल उतरले, तर पुढच्या वेळी मजुरीचे बोलणे करताना समोरच्यालाही ते ठाऊक असते. सरकारने मागाला दिलेला पैसा हळूहळू सूत देणाऱ्याच्या खात्याकडे सरकू लागला, तर त्याला अडवणारे काहीही नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, या विणकराला सवलतीपेक्षा आधी मालक हवा, म्हणजे कायद्याने जबाबदार धरता येईल असा माणूस. ही कल्पना नवी नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्यात कामगाराची व्याख्या करताना, दुसऱ्याने दिलेल्या मालावर त्याच्या धंद्यासाठी स्वतःच्या घरी काम करणाऱ्यालाही स्पष्टपणे कामगार म्हटले होते. वडगावच्या मजुरीवरच्या विणकराला हे वर्णन चपखल लागू पडते. कागदावर इतके स्पष्ट असलेले कलम घरोघरीच्या मागांपर्यंत का पोचले नाही, याचे उत्तर याच जिल्ह्यात, निपाणीत सापडते.

निपाणीची बिडी कामगार बाईही घरीच बसून काम करते. पान, तंबाखू घेऊन जायचे, हजारावर मजुरी घ्यायची, आणि पसंत न पडलेली बिडी छाट म्हणून बाजूला काढलेली सोसायची. वडगावच्या विणकरासारखीच तिची स्थिती. तरीही ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी, मुलांसाठी शिष्यवृत्ती या गोष्टी तिच्या हक्काच्या झाल्या, कारण 1966 च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने घरखात्यातल्या, म्हणजे घरी बसून काम करणाऱ्या, कामगारालाही कामगार मानले. कारखानदार न्यायालयात गेले. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंगलोर गणेश बिडी प्रकरणात हा कायदा वैध ठरवला, आणि 1985 मध्ये पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात घरी बिड्या वळणाऱ्यांनाही भविष्यनिर्वाह निधी लागू असल्याचे सांगितले. त्या निकालातला तर्क वडगावकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. घरी बसून केलेल्या कामावर मालकाची देखरेख कुठे असते, असा सवाल होता. माल नापसंत करून परत करण्याचा अधिकार मालकाकडे आहे, ही देखरेखच आहे, असे न्यायालयाने मानले. म्हणजे जी छाट बाईच्या मजुरीवर घाला घालत होती, तीच तिच्या नोकरीचा पुरावा ठरली. डाग दाखवून साडीची मजुरी कापणारा व्यापारी यापेक्षा वेगळे काय करतो?

अर्थात, निपाणीत नुसत्या कायद्याने काही मिळाले नाही. तिथल्या तंबाखूच्या वखारींतल्या बायका 1980 च्या सुमारास सुभाष जोशी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने संघटित झाल्या, संपावर गेल्या. ‘युगांतर’ या गटाने त्यांच्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट 1982 मध्ये काढला. मुद्दा असा की त्यांच्यासमोर वखारीचा मालक उभा होता, घोषणा द्यायला दार होते. वडगावात प्रत्येकाचे दार आपलेच.

इथे पहिला आक्षेप येतो. ज्याचा माग त्याला मजूर कसे म्हणायचे? विणकर स्वतःही हे सहसा मान्य करत नाही. मागधारक म्हणवून घेण्यात मान आहे आणि तो मान पिढ्यांच्या कसबातून आलेला आहे. पण मालकीचा अर्थ व्यवहारात तपासावा लागतो. काय विणायचे, किती विणायचे, कुणाला विकायचे आणि केवढ्याला, यांतले एकही ज्याच्या हाती नाही, त्याच्या मालकीत उरते ती मागाची देखभाल आणि कर्जाचा हप्ता. स्वतः सूत आणून स्वतः साडी विकणारे विणकरही आहेत. ते खरे उद्योजक, त्यांना या चर्चेतून वगळावे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. व्यापाऱ्याच्या गळ्यात जबाबदारी टाकली तर तो सूत दुसरीकडे नेईल. अशी उदाहरणे घडलेली आहेत. केरळने 1968 मध्ये बिडी कायदा राबवायला घेतला तेव्हा कारखानदारांनी कण्णूरमधले काम बंद केले आणि हजारो लोक बेकार झाले. त्यातूनच 1969 मध्ये दिनेश बिडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली, पण सगळीकडे सरकार आणि संघटना इतक्या खंबीर नसतात. शिवाय वडगावचा व्यापारी काही मोठा भांडवलदार नव्हे; सुरतच्या वेगवान मागांवरची स्वस्त साडी आणि चढउतार होणारा सुताचा भाव यांत तोही पिळला जातो. म्हणून एकेका व्यापाऱ्यावर बोजा टाकण्यापेक्षा महाराष्ट्राच्या 1969 च्या माथाडी कायद्याची वाट मला जास्त व्यवहार्य वाटते. हमाल दिवसात चार व्यापाऱ्यांचे काम करतो, तरी मजुरी आणि त्यावरची लेव्ही माथाडी मंडळात जमा होते, आणि निधी, बोनस, रजा यांचा हिशेब मंडळ ठेवते. साडीच्या मजुरीवर अशीच लेव्ही बसली तर व्यापारी बदलला तरी विणकराचे खाते तेच राहील. राहिला प्रश्न काम इचलकरंजीला किंवा सुरतेला पळण्याचा. त्यावर उपाय दिल्लीत आहे. 2019 च्या वेतन संहितेत केंद्राला किमान पायाभूत वेतन ठरवण्याचा अधिकार दिलेला आहे आणि कुठल्याही राज्याला त्याखाली जाता येत नाही.

मात्र याच संहितेने एक नुकसानही केले आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहितेसह केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या. 1948 आणि 1966 चे कायदे त्यांत विलीन झाले, आणि वेतन संहितेतल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येतून घरी काम करणाऱ्याचा तो स्पष्ट उल्लेख गळाला. त्याला सामाजिक सुरक्षा संहितेत जागा मिळाली, ती असंघटित कामगार म्हणून, म्हणजे मालकाच्या देण्याऐवजी सरकारी योजनेचा लाभार्थी म्हणून. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादाही 10 कामगारांवरून 20 वर गेली, त्यामुळे वडगावच्या छोट्या शेडमध्ये मजुरीने माग चालवणाराही सुरक्षेच्या तरतुदींपासून आणखी लांब गेला. वडगावच्या विणकराला निपाणीच्या बाईच्या पंक्तीला बसवायचे सोडून उलट तिलाच त्याच्या पंक्तीला आणण्याचा हा प्रकार आहे. उद्योगाला सुटसुटीतपणा हवा होता हे खरे, पण सुटसुटीतपणासाठी नेमके हेच शब्द का गळावेत, याचे समर्थन मला कुठे सापडत नाही.

तरी एक फट उरली आहे. संबंधित सरकार ज्याला कर्मचारी जाहीर करील तोही कर्मचारी, असे वेतन संहितेची व्याख्याच सांगते, आणि यंत्रमागांच्या बाबतीत हे सरकार म्हणजे राज्य सरकार. दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने विणणारा प्रत्येक जण कर्मचारी आहे, असे कर्नाटकच्या कामगार खात्याने जाहीर करावे आणि साडीमागची किमान मजुरी ठरवावी. बेळगावच्या लोकप्रतिनिधींनी, ते मराठी बोलोत वा कन्नड, एवढी एक मागणी मिळून लावून धरावी. वडगावच्या गल्ल्यांत दोन्ही भाषांचे माग शेजारीशेजारी आहेत आणि दोघांची मजुरी एकाच पद्धतीने कापली जाते. अशी अधिसूचना काढायला विधानसभेत नवा कायदा मंजूर करावा लागत नाही.