त्रुटी मान्य, पण मालिका हवीच



‘मिशन : इम्पॉसिबल – द फायनल रेकनिंग’ या चित्रपटाबद्दल गेल्या अंकातल्या पत्रलेखकांची तक्रार रास्त आहे. सुरुवातीला पात्रं नुसती माहिती सांगत बसतात, जुनी दृश्यं उगाच येत राहतात. पण म्हणून ‘मालिका कधीच थांबवायला हवी होती’ हे अजिबात पटत नाही. १९९६च्या पहिल्या भागात टॉम क्रूझ दोराला लटकून सीआयएच्या खोलीत उतरला, आणि शिक्षा झाली तिथल्या डनलो या साध्या कर्मचाऱ्याला : रवानगी थेट अलास्काला! २०२५च्या या चित्रपटात तोच नट, रोल्फ सॅक्सन, वय झालेला डनलो बनून बर्फाळ बेटावर भेटतो. एका किरकोळ पात्राची २९ वर्षांनी घेतलेली ही दखल सुट्या चित्रपटाला जमलीच नसती. आणि पाणबुडीतला तो जवळपास नि:शब्द प्रसंग? त्यासाठी मी पुन्हा तिकीट काढेन.

– एक वाचक, ठाणे