उत्तर नको, रीत हवी

"कला शाखेला आलो आणि गणितातून सुटलो!" हे वाक्य आपल्या कट्ट्यावर इतक्या वेळा ऐकू येते की, ती जणू आपल्या शाखेची ओळखच होऊन बसली आहे. मला हे सुटणे मान्य नाही. आपण हिशेब सोडला, तर तो आपल्यासाठी दुसरा कोणी तरी करतो. आणि तो स्वतःच्या सोयीने करतो.

एक उदाहरण घेऊ. कर्ज देणारा म्हणतो, "बारा हजार न्या. व्याज फक्त शेकडा १२. वर्षभर समान हप्ते." आपण मान डोलावतो. आता हेच वहीत मांडू.

पायरी पहिली : १२,००० रुपयांचे वर्षाचे व्याज १,४४० रुपये. एकूण फेड १३,४४०. म्हणून दरमहा हप्ता १,१२०.

पायरी दुसरी : या हप्त्यात मुद्दल १,००० आणि व्याज १२०. म्हणून पहिल्या महिन्यात आपल्याकडे १२,००० असतात, दुसऱ्या महिन्यात ११,०००, आणि शेवटच्या महिन्यात अवघे १,०००.

पायरी तिसरी : या बारा रकमांची बेरीज ७८,०००. भागिले १२, सरासरी ६,५००.

पायरी चौथी : वर्षभर वापरायला मिळाले सरासरी ६,५०० आणि व्याज दिले १,४४०. म्हणून खरा दर शेकडा सुमारे २२!

'शेकडा १२' म्हणणारा खोटे बोलला नाही. त्याने मधल्या पायऱ्या तेवढ्या गाळल्या. बेरीज, सरासरी आणि शेकडेवारी यांपलीकडे यात काहीही नाही. मोबाइल भागाकार क्षणात करून देतो. परंतु कशाला कशाने भागायचे, हा प्रश्न आधी आपल्या मनात उभा राहावा लागतो.

कोणी म्हणेल, आमचा पिंड साहित्याचा. मग आठवण देतो की, भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' रचली ती पद्यात. फळाला इच्छेने गुणावे आणि प्रमाणाने भागावे, ही त्रैराशिकाची रीत त्यांनी श्लोकात बसवली. फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी शाळकरी मुलांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले. त्यांना हे दोन प्रांत परके वाटले नाहीत.

खरे तर रीत लिहिणे हीदेखील गद्याचीच शिस्त आहे. गणितात तीन ठिपक्यांचे एक चिन्ह असते. त्याचा अर्थ 'म्हणून'. ते लिहायचे तर आधीच्या ओळीत कारण असावेच लागते. आपल्या निबंधांतले किती 'म्हणून' या कसोटीला उतरतील?

म्हणून एक सूचना मांडतो. आठवड्यातून एक तास, एक फळा आणि बालभारतीचे सातवीचे पुस्तक एवढेच घ्यावे. कोणीही उत्तर सांगायचे नाही; प्रत्येकाने फक्त पुढची पायरी सांगायची आणि ती का, तेही सांगायचे. शेवटी सर्वांनी मिळून ताळा करायचा. प्राध्यापकांनीही बाकावर येऊन बसावे. पदवीच्या वर्गात सातवीची गणिते पाहून हसणारे हसोत. राज्यसेवेच्या आणि बँकांच्या परीक्षांत हीच गणिते आपली वाट अडवून उभी असतात, आणि कर्जाच्या कागदावर सही मागणाराही आपली पदवी विचारत नाही.