प्रतिरूप मंत्रिमंडळ आणि वऱ्हाडचे प्रश्न

विरोधी पक्ष म्हणजे घोषणा देणारा आणि सभात्याग करणारा पक्ष, अशी समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कोणत्याही विरोधी पक्षाला २८८ पैकी एक दशांश, म्हणजे २९ जागा मिळाल्या नाहीत. त्यांतील सर्वांत मोठ्या पक्षाला २० जागा मिळाल्या आणि निकालानंतर विरोधी पक्षनेतेपद रिकामे राहिले. म्हणूनच प्रतिरूप मंत्रिमंडळाची, अर्थात 'शॅडो कॅबिनेट'ची कल्पना समजून घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

ही प्रथा मूळची ब्रिटनमधील. तेथे मुख्य विरोधी पक्ष अर्थ, गृह, आरोग्य अशा प्रत्येक खात्याच्या मंत्र्यासमोर आपला एक सदस्य नेमतो. त्या सदस्याने एकाच खात्याचा सखोल अभ्यास करावा, सभागृहात मंत्र्याला जाब विचारावा आणि पर्यायी धोरण मांडावे, अशी अपेक्षा असते. सत्तांतर झाल्यास कारभार सांभाळण्याची तयारीही यातूनच होते. विरोधी पक्षनेत्याला तेथे १९३७ पासून कायद्याने वेतन मिळते. विरोध हेही राष्ट्राचेच काम होय, ही त्यामागील भूमिका.

महाराष्ट्रात ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने आपल्या वर्धापनदिनी नवी मुंबईत असे मंत्रिमंडळ जाहीर केले. बाळा नांदगावकर, अमित ठाकरे आदींकडे खाती सोपविण्यात आली. परंतु पक्षाचा विधानसभेत तेव्हा एकच आमदार होता. ज्यांच्यावर खाते सोपविले, त्यांपैकी बहुतेकांना सभागृहात उभे राहून मंत्र्याला प्रश्न विचारणे शक्यच नव्हते. पुढे थोड्याच दिवसांत टाळेबंदी आली. केवळ नावांची यादी पुरेशी नसते, हा यातील धडा.

वऱ्हाडाला मात्र अभ्यासू विरोधाचा अनुभव आहे. अमरावती पदवीधर मतदारसंघाचे प्रा. बी. टी. देशमुख यांनी विधान परिषदेत अनेक वर्षे अर्थसंकल्पाचे आकडे आणि नियम हाती घेऊन विदर्भाच्या अनुशेषाचा पाठपुरावा केला. त्यांच्याकडे कोणतेही खाते नव्हते, होता तो अभ्यास. प्रादेशिक असमतोलाविषयी दांडेकर समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तरी अमरावती विभागाचा सिंचनाचा प्रश्न संपला नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, कापसाचा भाव, कर्जाने खचलेला शेतकरी, या प्रत्येकासाठी सभागृहात अभ्यास करून बोलणारा माणूस हवा.

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाचे सिंहासन मागितले नाही. गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगून त्याने राजाला त्याचा अपराध दाखविला. विरोधी पक्षाचे काम याहून फारसे निराळे नाही.

मतदान हा नागरिकाचा हक्क तसेच कर्तव्य आहे, याचे स्मरण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये करून दिले. आम्ही भाविकांना कोणता पक्ष निवडावा हे सांगणार नाही. मात्र मते मागण्यास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला अमरावतीच्या आणि अकोल्याच्या मतदाराने एक प्रश्न अवश्य विचारावा: सत्ता मिळाली नाही, तर आमच्या कोणत्या प्रश्नाचा अभ्यास आपण पाच वर्षे करणार?