मुलाचा आकडा कुणाच्या मापाने?

पालकहो, पेडणे-डिचोलीकडे एकाच मुलाच्या तोंडी दोन-तीन भाषा असणे यात नवल नाही. घरी कोकणी, शाळेत मराठी. कर्नाटकातून कामानिमित्त येऊन राहिलेल्या कुटुंबांत आईशी कानडी. असे मूल अभ्यासात मागे पडले, की बाई म्हणतात, "एकदा चाचणी करून घ्या." मग बुद्ध्यंकाचा आकडा हाती येतो आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

हा आकडा वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, प्रमाणके. म्हणजे आपल्या मुलाची तुलना कोणत्या मुलांशी झाली? बिने व सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये तयार केलेली कसोटी व्ही. व्ही. कामत यांनी आपल्याकडच्या कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बेतली. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध १९३४ चा. बिने-कामत चाचणी म्हणजे आपल्या दोन्ही भाषांचे लेणेच! पण ज्या मुलांवरून तिची मापे ठरली, ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीची. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील आकड्यांवरून दाखवले, की सरासरी गुण दर दशकाला तीनेक अंकांनी चढत गेले होते. तसे असेल तर जुन्या मापाने आकडा फुगतो आणि मदतीची गरज असलेले मूल नजरेतून सुटते.

दुसरी, विश्वसनीयता. तीच चाचणी काही काळाने पुन्हा घेतली, तर निकाल साधारण तोच यायला हवा. तरी चार-पाच अंक इकडेतिकडे होतातच. त्यामुळे ६८ आणि ७२ यांत आभाळाएवढे अंतर मानू नये.

तिसरी, सप्रमाणता. जे मोजायचे तेच मोजले गेले का? छत्रीचे चित्र पाहून मूल "कोडे" म्हणाले, तर कानडीत ते बरोबर आहे. पण मराठी कानाला ते उत्तर चुकले असे वाटेल. तिथे बुद्धी मोजली गेली नाही, मराठी मोजली गेली.

म्हणून तपासनिसांना आधीच सांगावे, की मूल घरी कोणती भाषा बोलते. चाचणी कोणती, तिची प्रमाणके कधीची, हे विचारायला संकोच करू नये. मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, दुकानातून सामान आणते का, हेही सांगावे. दैनंदिन व्यवहार तपासण्याच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत आणि त्यांत आईबापांचे सांगणेच मोलाचे असते.

मात्र शंका आहे म्हणून चाचणीच टाळू नका. खरोखर अडचण असेल, तर ती जितकी लवकर कळेल तितकी मदत लवकर सुरू होते. एका आकड्यावरून मुलाला "मंद" म्हणू नये, तसेच "दोन भाषांमुळे होतंय, होईल ठीक" म्हणून वर्षे घालवू नयेत.