शिपायाचा शिधा आणि शेतमजुराची चूल

सैन्य पोटावर चालते, ही उक्ती सर्वतोमुखी आहे. ते कोणाच्या पोटावर चालते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. १९४३ साली बंगालमध्ये तो उभा राहिला, आणि सुमारे ३० लाख माणसे त्याचे उत्तर न मिळताच मेली.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी सुमारे २ लाख असलेले हिंदी सैन्य १९४५ पर्यंत २५ लाखांच्या घरात गेले. प्रत्येक शिपायाला आटा किंवा तांदूळ, डाळ, तूप, साखर, मीठ, चहा आणि भाजी ठरलेल्या वजनाने मिळे. मांसाहारी असल्यास मांसही. गोऱ्या शिपायाचा शिधा निराळा आणि सरस होता, हे खरे. तरीही भरती झालेल्या अनेक खेडूत तरुणांचे वजन थोड्याच महिन्यांत वाढले. हा देश घरी अर्धपोटी होता, याची कबुली लष्कराच्या वजनकाट्यानेच दिली!

त्याच काळात बंगालमध्ये काय चालले होते? जपानी फौजांच्या हाती काही पडू नये म्हणून १९४२ साली सरकारने किनारी जिल्ह्यांतील तांदूळ हलविला आणि दहा किंवा अधिक माणसे नेऊ शकणाऱ्या होड्या काढून घेतल्या. कोळी आणि नावाडी यांचे पोटाचे साधनच गेले. युद्धखर्चाचा मोठा भाग लंडनमध्ये साठणाऱ्या स्टर्लिंगच्या भरवशावर नोटा छापून भागविला गेला. कलकत्त्यात तांदळाचा घाऊक भाव डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३-१४ रुपये होता; ऑगस्ट १९४३ मध्ये तो ३७ रुपयांवर पोचला. शिपायाचा शिधा वजनात बांधलेला असल्यामुळे त्याला या भाववाढीची झळ लागली नाही. कलकत्त्याच्या कारखान्यांतील कामगारांसाठीही स्वस्त धान्याची सोय झाली, कारण युद्धसामग्रीचे उत्पादन थांबणे परवडणारे नव्हते. खेड्यातील शेतमजुराच्या हाती मात्र केवळ मजुरीचे पैसे होते, आणि त्या पैशांत दिवसेंदिवस कमी तांदूळ येत होता.

धान्यच नव्हते, हा राज्यकर्त्यांचा बचाव होता. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आकड्यांनिशी तो खोडून काढला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे १९४३ चा पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून सुमारे ५ टक्के कमी, पण १९४१ पेक्षा सुमारे १३ टक्के अधिक होता. १९४१ साली तर दुष्काळ पडला नव्हता. धान्य पोचविण्याची साधने नव्हती, हेही खरे नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये व्हाइसरॉय झालेल्या वेव्हेल यांनी लष्कराला मदतकार्यास जुंपले, तेव्हा वाहने सापडली आणि माणसेही सापडली. तोवर लाखोंचा बळी गेला होता.

हा जुना इतिहास आज उगाळण्याचे कारण आहे. धान्य कशाला, गरिबांच्या खात्यात रोख रक्कम टाका, असा उपदेश अर्थशास्त्राच्या नावाने चालू आहे. चंडीगड आणि पुदुच्चेरीत २०१५ साली तसा प्रयोग झाला. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये देण्याचे ठरविले. हा आकडा पुढेमागे वाढला, तरी तत्त्व तेच राहते: भाववाढीचा धोका सरकारच्या खांद्यावरून उतरवून शेतकऱ्याच्या चुलीवर ठेवायचा.

रोखीचे समर्थक १९७२-७३ च्या दुष्काळाचा दाखला देतील. त्या वेळी महाराष्ट्रात दुष्काळी कामांची रोख मजुरी देऊनच लोक जगविले, हे निर्विवाद आहे. परंतु तिथे मजुरीच्या जोडीला स्वस्त धान्याची दुकाने होती. रोख मजुरी धान्यवाटपाला पूरक होती. दुकानाचे दार लावून घेऊन हातात पैसे ठेवण्याला तो दाखला लागू पडत नाही.

त्या युद्धात आघाडीवरील शिपायाला धान्याऐवजी रोकड देऊन बाजारात पाठविले गेले नाही. ज्याच्या श्रमाची गरज असते त्याला राज्यकर्ते वजन करून धान्य देतात. ज्याची गरज वाटत नाही त्याला बाजाराचा रस्ता दाखवितात. म्हणून शिधापत्रिकेवरील मागणी किलोतच झाली पाहिजे. कार्यकर्त्यांनी गावोगावच्या सभांत हा मुद्दा सोडता कामा नये.