चाकूवरील नांव

जुनीं नाणीं किंवा टपालाचीं तिकिटें जमविणाऱ्यास आपल्याकडे लोक छंदिष्ट म्हणून सोडून देतात. जुने चाकू जमविणाऱ्याकडे मात्र जरा संशयानेंच पाहतात. आमच्या टेबलाच्या खणांत खिशांत बाळगण्याचे नऊ जुने चाकू आहेत हें कळल्यावर एका स्नेह्यांनीं आम्हांस, "एकानें पेन्सिल तासली जात नाहीं काय?" असा प्रश्न केला. त्यांस तेव्हां द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर येथें देण्याचें योजिलें आहे. परंतु केवळ या छंदाची तरफदारी करणें हा आमचा हेतु नव्हे. हा छंद हल्लीं बहुतेक ठिकाणीं ज्या रीतीनें चालतो ती रीत आम्हांस चुकीची वाटते, आणि त्या चुकींत आम्ही स्वतःही पुष्कळ दिवस होतों.

घडीच्या लहान चाकूस इंग्रजींत पेन-नाइफ म्हणतात. पेन म्हणजे पिसाची लेखणी. ती तासण्यासाठीं जो बाळगावयाचा तो पेन-नाइफ. आपल्याकडे बोरू तासण्यासही चाकूच लागे, आणि बोरूचें टोंक बेताचें तिरपें कापण्याची हातोटी साधल्यावांचून अक्षरास वळण येत नसे. तेव्हां ही वस्तु मूळची लिहिणाऱ्याची आहे, मारामारी करणाऱ्याची नव्हे. (आमच्या बालवाचकांनीं हें वाक्य पुढें करून चाकू वर्गांत मात्र आणूं नये. तो जप्त झाल्यास आम्ही रदबदली करणार नाहीं.)

या चाकूंचें माहेरघर म्हणजे इंग्लंडांतील यॉर्कशर परगण्याचें शेफील्ड शहर. तेथें भोंवतालच्या डोंगरांतून पांच नद्या उतरतात. त्यांच्या पाण्यावर चाकें फिरत, आणि त्याच डोंगरांतला वालुकामय दगड सहाणेसाठीं उपयोगी पडे. चौदाव्या शतकांतील चॉसर कवीनें आपल्या 'कँटरबरी टेल्स' मध्यें एका गिरणीवाल्याच्या मोज्यांत शेफील्डचा सुरा खोंवलेला दाखविला आहे, इतकी या गांवची ख्याति जुनी आहे. पुढें १६२४ मध्यें पार्लमेंटच्या कायद्यानें तेथें कटलर्स कंपनी स्थापन झाली व चाकू करणाऱ्यांच्या शिक्क्यांची नोंद ती ठेवूं लागली. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नांवाच्या घड्याळजीनें, घड्याळाच्या कमानीस चांगलें पोलाद मिळेना म्हणून, तें मुशींत वितळवून एकजीव करण्याची युक्ति काढली. गांवच्या चाकूवाल्यांनीं प्रथम तें फार कठीण म्हणून नाकारलें, आणि फ्रेंचांनीं तेंच घेऊन सरस माल केला तेव्हां त्यांचे डोळे उघडले, असें सांगतात. मुशींत पोलाद करण्याची कला दक्षिण हिंदुस्थानांतील कारागिरांस त्यापूर्वीं कित्येक शतकें अवगत होती, हेंही येथें नमूद करावयास हरकत नाहीं.

चाकूचें पातें उघडलें म्हणजे मुठीलगतच्या बिनधारेच्या भागावर बारीक अक्षरें ठोकलेलीं दिसतात. संग्राहकाची सारी विद्या त्या अर्ध्या इंचांत सांठविलेली असते. जोसेफ रॉजर्स आणि सन्स यांचा शिक्का म्हणजे एक तारा व एक माल्टी क्रूस. गंमत अशी कीं, हा शिक्का १६८२ मध्यें प्रथम नोंदला गेला तेव्हां तो रॉजर्सचा नव्हताच. १७६४ मध्यें तो त्या घराण्याच्या नांवें चढला. पात्यावर मुकुट व व्हिक्टोरिया राणीचीं आद्याक्षरें असलीं तर तो चाकू १८३७ ते १९०१ या काळांतला समजावा. 'इंग्लंड' हा शब्द असला तर तो बहुधा १८९० नंतरचा. कारण त्या वर्षीं अमेरिकेनें मॅकिन्ली कायदा करून परदेशी मालावर देशाचें नांव घालण्याची सक्ति केली. त्याच कायद्यानें जकात वाढवून शेफील्डच्या अमेरिकेंतील व्यापारावर घालाही घातला. जॉर्ज वॉस्टनहोम यांच्या चाकूवर 'आय एक्स एल' अशीं तीन अक्षरें असतात. तीं भरभर वाचलीं म्हणजे 'मी सर्वांहून सरस' अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य होतें. यांचा कारखाना शेफील्डांत, पण गिऱ्हाईक अमेरिकेंत. म्हणून कारखान्याचें नांव वॉशिंग्टन वर्क्स!

नांवाची अशी किंमत असल्यावर त्याची चोरी होणारच. जर्मनींतील मालावर शेफील्डचें नांव घालून तो खपविला जाई, आणि त्याविषयींच्या ओरडीमुळें १८८७ मध्यें विलायतेंत व्यापारी चिन्हांचा कायदा झाला. आजही मोडक्या चाकूंतून नांवाचें पातें काढून दुसऱ्या मुठींत बसविणारे महाभाग आहेतच. म्हणून नवशिक्यानें शिक्क्याबरोबर कमानही पाहावी. चांगल्या चाकूचें पातें मिटतांना 'खट्' असा एकच स्वच्छ आवाज होतो, व पाठीशीं कमान आणि पातें यांच्यामध्यें नखही शिरत नाहीं.

येथपर्यंतची माहिती कोणत्याही संग्राहकाच्या तोंडीं असते. आमची तक्रार येथून पुढें आहे. पात्यावर रॉजर्स असें लिहिलेलें असतें, म्हणून तो चाकू रॉजर्सनें केला असें आपण म्हणतों. वस्तुतः लोहारानें पातें ठोकावयाचें, शिकलगारानें तें सहाणेवर घासावयाचें, आणि जुळाऱ्यानें पातें, कमान व मुठीच्या पट्ट्या एकत्र आणून चाकू उभा करावयाचा, अशी तेथील रीत होती. यांपैकीं कित्येकजण कारखान्याचे नोकरही नसत. एखादी खोली व चाकावरची जागा भाड्यानें घेऊन ते आज याचें तर उद्यां त्याचें काम करीत. त्यांस शेफील्डांत 'लिट्ल मेस्टर' म्हणजे छोटे उस्ताद म्हणत. एकाच हातानें घडविलेल्या दोन चाकूंवर दोन निरनिराळ्या पेढ्यांचीं नांवें पडत. तेव्हां पात्यावरील नांव हें पुष्कळदां करणाऱ्याचें नव्हे, विकणाऱ्याचें असतें.

त्यांतल्या शिकलगाराची हकीकत तर वाचवत नाहीं. लांकडी घोडीवर बसून, फिरत्या दगडावर ओणवें होऊन तो दिवसभर पातीं घाशी. कधीं कधीं भर वेगांत दगडच फुटे व माणूस जागच्या जागीं ठार होई. पण खरा घात धुळीचा. डॉ. आर्नल्ड नाइट यांनीं दिलेले आंकडे एंगल्सनें १८४५ च्या आपल्या ग्रंथांत घेतले आहेत. शेफील्डांत त्या वेळीं सुमारें २,५०० शिकलगार होते. जेवणाचे कांटे कोरड्या दगडावर घासणारे वयाच्या २८ ते ३२ व्या वर्षीं मरत. वस्तरे घासणारे, जे ओल्या व कोरड्या दोन्ही दगडांवर काम करीत, ते ४० ते ४५ व्या वर्षीं. आणि ओल्या दगडावर जेवणाच्या सुऱ्या घासणारे ४० ते ५० च्या दरम्यान. अब्राहम नांवाच्या शेफील्डांतील एका शिक्षकानें १८२० च्या सुमारास लोहचुंबकाचें एक साधन शोधून काढलें, व त्याबद्दल त्यास सोसायटी ऑफ आर्ट्सचें पदकही मिळालें. शिक्षकाच्या हातून असा शोध लागावा याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण लोहचुंबक पोलादाचा कीस ओढतो, दगडाची धूळ ओढीत नाहीं, आणि छाती पोखरणारी धूळ ती दगडाचीच. याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, खुद्द शिकलगारांनींच अशीं साधनें वापरण्याचें नाकारलें. कांहीं ठिकाणीं तर तीं फोडून टाकलीं. धंद्यांतला धोका गेला तर माणसांची गर्दी होईल आणि मजुरी उतरेल, अशी त्यांस भीति वाटे. आयुष्य विकून मजुरी राखण्याचा हा हिशेब आम्हांस कळतो असें म्हणवत नाहीं. पण त्यास मूर्खपणा म्हणण्याचें धाडसही होत नाहीं.

मुठीचीही तीच कथा. सांबरशिंगाच्या मुठीसाठीं पुष्कळशीं शिंगें हिंदुस्थानांतून जात. तीं सांबर दर वर्षीं आपोआप टाकतें, म्हणून त्यांचें वाईट वाटण्याचें कारण नाहीं. परंतु हस्तिदंत असा मिळत नाहीं. हल्लीं आपल्या देशांत हस्तिदंताच्या व्यापारास बंदी आहे, व ब्रिटननेंही २०१८ मध्यें तसा कायदा करून थोडेच अपवाद ठेविले आहेत. हस्तिदंती मुठीचा चाकू कोणी विकावयास आणिला तर तो घेऊं नये, मग तो कितीही जुना असो.

आतां आमची चूक सांगतों. पुण्याच्या जुन्या बाजारांत एक काळवंडलेला चाकू आम्हांस मिळाला. पातें इतकें झिजलें होतें कीं, मूळच्या रुंदीचा निम्मा भागच उरला असावा. घरीं आणून आम्हीं तो पॉलिश कागदानें अगदीं आरशासारखा केला. दुसरे दिवशीं एका जाणत्या गृहस्थांस मोठ्या हौसेनें दाखविला, तेव्हां ते म्हणाले, "आपण याचें तोंड धुतांना नाकच पुसून टाकलेंत!" शिक्का तर गेलाच होता, पण त्याहून मोठें नुकसान आमच्या ध्यानीं पुढें आलें. पात्यावर आडव्या बारीक रेघा होत्या, त्या शिकलगाराच्या दगडाच्या. त्या माणसाची या जगांत राहिलेली कदाचित् तीच एक खूण, आणि ती आम्हीं अर्ध्या तासांत नाहींशी केली.

बाजाराची रीत मात्र उलटी आहे. जो चाकू कधीं वापरलाच नाहीं, ज्याच्या पात्यास दगड पुन्हां लागला नाहीं, त्यास सर्वांत अधिक किंमत; झिजलेल्यास कोणी विचारीत नाहीं. रॉजर्सनें १८२२ मध्यें १८२२ पात्यांचा एक चाकू केला, आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनांत ७५ पात्यांचा नॉरफोक चाकू मांडला. कौशल्य अचाट खरें; पण त्यानें कोणाची लेखणी तासली गेली नाहीं. आमच्या मतें, चार पिढ्यांनीं धार लावून लावून बारीक केलेलें पातें हें अशा नवलाईहून अधिक जपण्याजोगें आहे.

याबाबतींत आम्हांस केन हॉली या गृहस्थांचा कित्ता गिरविण्यासारखा वाटतो. हे शेफील्डांत हत्यारांचे दुकानदार होते. २०१४ मध्यें वारले. त्यांनीं नुसता तयार माल जमविला नाहीं; अर्धवट घडविलेले तुकडे, कारागिरांचीं हत्यारें, पेढ्यांच्या किंमतींचीं पुस्तकें, फोटो, जें जें लोक फेंकून देत तें तें उचललें. तो प्रचंड संग्रह आज शेफील्डच्या केल्हम आयलंड संग्रहालयांत आहे. स्टॅन शॉ यांचीही कार्यशाळा अखेरच्या वर्षांत त्याच संग्रहालयांत होती. १९४१ मध्यें वयाच्या चौदाव्या वर्षीं ते इबर्सन यांच्या कारखान्यांत शिरले आणि पुढें जन्मभर खिशांतले चाकूच करीत राहिले. २०२१ मध्यें त्यांचें निधन झालें. त्यांच्या चाकूसाठीं गिऱ्हाइकांस वर्षानुवर्षें थांबावें लागे. रॉजर्स आणि वॉस्टनहोम या दोन पेढ्या १९७१ मध्यें एक झाल्या, पुढच्या दशकांत बसल्या, आणि त्यांचीं नांवें दुसऱ्यांच्या मालकीचीं झालीं; पण हातानें चाकू करणारे थोडे लोक शेफील्डांत अद्यापि आहेत. मेलेल्या पेढीच्या न वापरलेल्या चाकूस मूठभर पैसे मोजणाऱ्यानें जिवंत कारागिराकडे एकदां तरी मागणी नोंदवावी, एवढीच आमची सूचना आहे.

आम्ही आतां चाकू पुसतों तो मऊ फडक्यानें व तेलाच्या एका थेंबानें. प्रत्येकास एक चिठ्ठी बांधली आहे. तींत पेढीचें नांव, अदमासें साल, कोठें मिळाला, हें लिहितों. आणि त्याखालीं 'लोहार', 'शिकलगार', 'जुळारी' अशीं तीन घरें आंखलीं आहेत. नऊही चिठ्ठ्यांवर तीं घरें अजून रिकामींच आहेत.